पोटखराब्यातले शिकारी

सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ नावाची एक नोंद असते. पिकाखाली न येणारी जमीन तिथे जाते: खडकाळ माळ, टेकाडाचा उतार, ओघळीचे काठ. वडूजच्या चारी अंगांना, खटाव आणि माण तालुक्यांत, ही नोंद नसलेला उतारा शोधावाच लागेल. पाऊस सरतो, माळावरचं कुसळी गवत पिवळं पडतं, शाळूची पेरणी उरकते आणि त्याच सुमारास गवताच्या शेंड्यांवरून हात-दोन हात उंचीने भोवत्या पक्षी फिरू लागतात. पंख किंचित वर उचललेले, नजर खाली, चाल संथ. रान सोडायचं नाही असं ठरवूनच जणू ते एकेक पट्टा पुन्हा पुन्हा तपासतात. नाकतोडे, सरडे, चंडोल, उंदीर, जे मिळेल ते घेतात. महसुली कागदाने जिला खराबा ठरवलं त्या जमिनीसाठी हे पाहुणे मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतून, हजारो किलोमीटर ओलांडून येतात आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत मुक्काम करतात.

हे पुस्तक शिकारी पक्ष्यांचं आहे आणि ते या माळावरून सुरू होतं. ही निवड साधी वाटली तरी तिच्यात एक भूमिका आहे. मराठीत पक्ष्यांवर जे उत्तम लिहिलं गेलं, ते बहुतेक जंगलाच्या किंवा पाणथळीच्या अंगाने. नवेगाव, नागझिरा, मेळघाट, भिगवण ही नावं वाचकाला पाठ आहेत. माळाच्या वाट्याला तेवढी शाई आली नाही. व्यंकटेश माडगूळकर याच माणदेशातले, आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. माणदेशी माणसं त्यांनी घरोघरी पोचवली, पण रानातल्या मुक्कामाचं पुस्तक लिहायला तेही नागझिऱ्यालाच गेले! आजही येरळवाडीच्या तलावावर रोहित उतरले की वडूजच्या रस्त्यावर कॅमेऱ्यांच्या पिशव्या दिसू लागतात. २०२१ साली मायणी परिसरातल्या तलावांना पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, ही चांगलीच गोष्ट झाली. तलावाला येणारा रस्ता ज्या माळावरून जातो, तिथे मात्र कुणी गाडी थांबवत नाही.

शिकारी पक्षी कोणाला म्हणायचं? खंड्या मासा मारतो, वेडा राघू उडती माशी टिपतो, खाटीक तर मारलेला नाकतोडा बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो. तरी यांना या यादीत जागा नाही. बाकदार चोच आणि भक्ष्य पकडणारी, दाबून मारणारी नखं, ही रूढ खूण. गिधाड मेलेलं खातं, त्याची नखं बोथट, तरी ते चोचीच्या आणि नात्याच्या जोरावर आत येतं. १७५८ साली लिनियसने मांडलेल्या वर्गीकरणात गिधाडं, ससाणे, घुबडं आणि चक्क खाटीकही एकाच गणात होते. पुढच्या अभ्यासकांनी खाटकाला बाहेर काढलं, मग घुबडांना वेगळं घर दिलं. खरा धक्का अलीकडचा. २००८ साली पक्ष्यांच्या जनुकांची मोठी तुलना प्रसिद्ध झाली आणि ससाण्यांचं जवळचं नातं गरुड-घारींशी नसून पोपटांशी आणि चिमण्यांच्या मोठ्या गोतावळ्याशी निघालं. म्हणजे बहिरी ससाणा आणि घार यांच्यातलं साम्य रक्ताचं नाही, कामाचं आहे. कुलकर्णी आडनावाची सगळी घरं एका कुळातली नसतात, हुद्दा तेवढा एक असतो. तसंच हे.

नावांतही इतिहासाचे थर आहेत. संस्कृतात ‘शशादन’ म्हणजे ससा खाणारा, त्यातून मराठी ‘ससाणा’ आला. शिक्रा, बहिरी, लग्गड, तुरमती ही नावं बाजदारांच्या फारसी-हिंदुस्थानी बोलीतून आलेली, कारण हे पक्षी हातावर बसवून शिकारीला नेले जात. कापशी घारीला तिच्या कापसासारख्या पोटाने नाव दिलं. आणि गव्हाणी घुबडाला गोठ्यातल्या गव्हाणीने. गुरांना वैरण टाकायची जागा, तिथे सांडलेलं धान्य, धान्याला उंदीर, उंदराला घुबड: चार ओळींचा अन्नसाखळीचा धडा त्या एका नावात मावला आहे.

घुबडांवर या पुस्तकाने बराच वेळ दिला आहे आणि तो योग्यच आहे. ज्या पक्ष्याबद्दल लोक सर्वांत जास्त बोलतात, त्याच्याबद्दल त्यांना सर्वांत कमी माहिती असते. वडूजसारख्या गावात तीन घुबडं सहज भेटतात. जुन्या वडा-पिंपळाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी, पडक्या वाड्यात किंवा देवळाच्या शिखरात गव्हाणी घुबड आणि गावाबाहेर ओघळीच्या कपारीत, जुन्या खाणीत शृंगी घुबड. डोक्यावर शिंगांसारखी दिसतात ती नुसती पिसं. कान वेगळेच, चेहऱ्याच्या कडेला पिसांखाली दडलेले.

त्या कानांची गोष्ट थक्क करणारी आहे. गव्हाणी घुबडाच्या दोन कानांची भोकं एका पातळीत नसतात, एक वर असतं, एक खाली. उंदराची खसफस डाव्या कानाला आधी पोचली की उजव्या, यातला सेकंदाच्या लाखाव्या भागांत मोजावा लागणारा फरक त्याला आडवी दिशा सांगतो आणि दोन कानांतल्या आवाजाच्या तीव्रतेतला फरक उभी. चपटा, बदामी चेहरा हा आवाज गोळा करणारं सूप आहे. अमेरिकेत रॉजर पेन यांनी पूर्ण काळोख केलेल्या खोलीत, जमिनीवर पाला पसरून, घुबड निव्वळ कानावर उंदीर पकडतं हे दाखवलं. उंदराऐवजी दोरीला बांधलेला कागदाचा बोळा पाल्यातून ओढला, तर त्याने त्यावरही झडप घातली. पुढे मासाकाझू कोनिशी आणि एरिक नुडसेन यांनी या घुबडाच्या मेंदूत आवाजाचा नकाशाच शोधून काढला. श्रवणाच्या विज्ञानात घुबडाला आज मानाचं पान आहे. आपल्याकडे तो मान अजून अमावास्येच्या गप्पांना.

डोळ्यांचंही तसंच. घुबडाचा डोळा गोटीसारखा नसून नळकांड्यासारखा असतो आणि हाडाच्या कड्यात पक्का बसवलेला. तो खोबणीत फिरत नाही, म्हणून मान फिरते, एका बाजूला सुमारे २७० अंशांपर्यंत. माणसाच्या मानेत ७ मणके, घुबडाच्या १४. इतक्या पिळाने मेंदूचा रक्तपुरवठा का तुटत नाही, याचं उत्तर २०१३ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मिळालं: मणक्यांतली भोकं रक्तवाहिनीपेक्षा कितीतरी रुंद असतात आणि जबड्याखाली वाहिन्या फुगून रक्ताचा साठा धरतात. पिंगळा माणसाकडे बघून डोकं खाली-वर करतो, ते वेडावणं नव्हे. जागा बदलून तो अंतराचा अंदाज घेत असतो.

आणि इथे माळ पुन्हा येतो. भोवत्याचा चेहरा जवळून पाहिला तर तोही घुबडासारखा थोडा चपटा, कडेला पिसांची कड असलेला दिसतो. दाट गवतात लपलेला उंदीर दिसत नाही, ऐकूच येतो. दिवसा शिकार करणाऱ्या या पक्ष्यानेही म्हणून कानाचीच कास धरली. हिवाळ्यात अशा गवतात येणारं आखूड कानांचं घुबड उलट बाजूने तिथेच पोचलं: ते उजेड असतानाही उडतं, जमिनीवर विसावतं आणि भोवत्यासारखंच गवतावरून फिरतं. दोन वेगळी कुळं, एक माळ, एकच युक्ती. जंगलातल्या घुबडापासून सुरुवात केली असती तर हे इतक्या सहज ध्यानात आलं नसतं.

या पक्ष्यांच्या अभ्यासाचा इतिहास मोठा आहे आणि त्यात दख्खनची जागा कोपऱ्यातली नाही. सुरुवात हातावरच्या पक्ष्यापासून झाली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये श्येनविनोद, म्हणजे ससाण्यांची शिकार, आहे. कुमाऊँच्या रुद्रदेवाचं ‘श्यैनिकशास्त्र’ तर मुख्यतः याच विषयावर. पक्ष्याला काय खायला द्यावं, तो आजारी पडला तर काय करावं, हे या बाजदारी परंपरेने बारकाईने पाहिलं. रानात तो काय करतो हा तिचा प्रश्न नव्हता.

मग बंदुका आल्या. कर्नल विल्यम साइक्स याने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, तिथपासून पक्षी म्हणजे पेंढा भरलेलं कातडं, त्याला बांधलेली चिठ्ठी आणि पेटीतला क्रमांक असा काळ सुरू झाला. या पंथाचा बादशहा अ‍ॅलन ह्यूम, तोच काँग्रेसच्या स्थापनेतला. त्याने ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक चालवलं, हजारो कातडी जमवली आणि वर्षानुवर्षांची हस्तलिखितं घरातल्या नोकराने रद्दीत विकल्यावर सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. आज या मंडळींना नावं ठेवणं सोपं आहे. त्यांच्या चिठ्ठ्यांवरच्या तारखा आणि गावं नसती तर मात्र पुढचं एक प्रकरण उलगडलंच नसतं.

ते प्रकरण रानपिंगळ्याचं. १८७२ साली आजच्या छत्तीसगडात ब्लेविट याला मिळालेल्या या छोट्या घुबडाचं वर्णन ह्यूमने १८७३ साली केलं. खानदेशात शहाद्याच्या भागात जेम्स डेव्हिडसन याने आणखी काही नमुने घेतले, शेवटचा १८८४ साली. सगळे मिळून सात. त्यानंतर पक्षी दिसेना. फक्त कर्नल रिचर्ड मायनरत्सहागेन या नामांकित संग्राहकाने आपण १९१४ साली गुजरातेत, तापीकाठी मांडवीला एक मिळवल्याचं सांगितलं होतं. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना तपासला, तेव्हा तो डेव्हिडसनचाच, संग्रहालयातून चोरून पुन्हा शिवलेला निघाला. मांडवीचा पत्ता खोटा ठरला आणि शोध खऱ्या पत्त्यांकडे वळला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना रानपिंगळा भर दिवसा, उघड्या फांदीवर बसलेला दिसला. ११३ वर्षं तो हरवला नव्हता. शोधणारे चुकीच्या चिठ्ठीवर विसंबले होते. नंतर मेळघाटात आणि २०१४ साली थेट मुंबईजवळ तानसा अभयारण्यातही तो आढळला. इतकं झाल्यावर महाराष्ट्राच्या शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट धड्याच्या रूपाने असायला हवी होती.

दुर्बिणीचा पंथ सालिम अली यांच्या पिढीने रुजवला. १९४१ साली आलेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरच्या इंग्रजी पुस्तकाने गोळी न घालताही पक्षी ओळखता येतो हे सामान्य वाचकाला पटवलं. मराठीत मारुती चितमपल्ली यांनी लोकांच्या तोंडची नावं गोळा करून पक्षिकोश सिद्ध केला. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सालिम अलींचा १२ नोव्हेंबर; महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह त्या दोन तारखांच्या मध्ये बसवलेला आहे. शिकारी पक्ष्यांपुरतं बोलायचं तर रिशाद नवरोजी यांचा २००६ सालचा ग्रंथ भारतीय उपखंडासाठी पायाभूत आहे. पुण्याच्या इला फाउंडेशनचे डॉ. सतीश पांडे आणि त्यांचे सहकारी यांनी घुबडांना शेताशी जोडलं. घुबड न पचलेली हाडं आणि केस गोळीच्या रूपाने ओकून टाकतं. शृंगी घुबडाच्या अशा गोळ्या फोडून त्यांनी हाडं मोजली आणि त्यात उंदीर-घुशींचाच भरणा निघाला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कोकण किनाऱ्यावर समुद्री गरुडाची घरटी मोजली. सगळ्यात तरुण पंथ उपग्रहाचा. २०१३ साली नागालँडमध्ये पाठीवर यंत्र बसवलेले अमूर ससाणे भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेत पोचले. दोनशे ग्रॅमही न भरणारा हा पक्षी नोव्हेंबरात लोणावळ्याच्या डोंगरांवर दिसतो, तो या वाटेवरचा प्रवासी.

आज हे सगळं का वाचायचं? एक उत्तर गिधाडांनी देऊन ठेवलं आहे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडांत उतरत होतं, हे २००४ साली सिद्ध झालं. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणदेशात ढोरं टाकायच्या जागा अजून आहेत, त्यावर आता कुत्र्यांचं राज्य आहे.

दुसरं उत्तर याच जिल्ह्यातलं आहे, आणि ते कमी लोकांना माहीत आहे. साताऱ्याच्या पश्चिमेला चाळकेवाडीच्या पठारावर वर्षानुवर्षं पवनचक्क्या फिरत आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी तिथे पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना केली. २०१८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी होते. पुढची गंमत सरड्यांत होती. पठारावर गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असलेला एक सरडा आहे; शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला नावच मराठीतलं दिलं, ‘सरडा’. शिकारी गेल्यावर हे सरडे वाढले. त्यांच्या रक्तातलं तणावाचं संप्रेरक कमी झालं, माणूस जवळ येईपर्यंत ते पळेनात. पण खाणारी तोंडं वाढल्याने ते रोडावले आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके पडले. ज्या पक्ष्याने त्या सरड्याला शिवलंही नाही, त्याच्या नुसत्या नसण्याने सरड्याचा रंग उतरला. वर फिरणाऱ्या घारीचा खालच्या गवताशी काय संबंध, असं विचारणाऱ्याला याहून नेमकं उदाहरण मिळणार नाही. माण-खटावच्या टेकड्यांवरही आता ही पाती फिरतात. वीज हवीच आहे, पण टेकडी निवडताना तिला रिकामी समजायचं की वस्तीची, हा प्रश्न उरतो.

पाण्याचाही प्रश्न असाच अवघड. उरमोडी, टेंभू आणि जिहे-कठापूर योजनांनी कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी या दुष्काळी भागात आणलं. ज्यांनी चारा छावण्यांत उन्हाळे काढले, त्यांना माळाची महती सांगत बसणं उद्धटपणा होईल, आणि हे पुस्तक तो करत नाही. ते फक्त बदल टिपायला सांगतं. माळ फुटून ऊस आला की भोवत्याची जागा जाते. उसात उंदीर वाढतात आणि गव्हाणी घुबडाला मेजवानी मिळते, पण उंदरांना घातलेलं विष घुबडापर्यंतही पोचतं. इस्राएलमध्ये १९८०च्या दशकापासून शेतकरी घुबडांसाठी शेतात लाकडी पेट्या लावतात; नंतर जॉर्डन आणि पॅलेस्टाईनचे शेतकरीही त्यात आले. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर नारळ खाणाऱ्या उंदरांसाठी २०१९ साली केरळातून गव्हाणी घुबडं नेली गेली. वडूजच्या शेतकऱ्याला घुबड बाहेरून आणायची गरज नाही. गोठ्याच्या माळ्यावर आलेलं हुसकून लावलं नाही तरी पुरे.

हुसकण्यामागे भीती आहे. घुबडाला दगड मारला तर ते तो झेलतं, घासत बसतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, असं खेड्यांतून सांगतात. या समजुतीची चेष्टा करण्याआधी तिचा परिणाम पाहावा: तिने अनेक घुबडांना दगडांपासून वाचवलं असणार. पहाटे कंदील घेऊन दारी येणारा पिंगळा जोशी या पक्ष्याची भाषा आपल्याला कळते असं सांगून भविष्य वर्तवतो आणि एकनाथांनी त्याच्यावर भारूड रचलं. जनाबाईंच्या अभंगात घार ही पिलांकडे झेपावणारी आई आहे. म्हणजे लोकपरंपरा एका सुरात बोलत नाही. काळी बाजूही आहे: दिवाळीच्या सुमारास तंत्रमंत्रासाठी घुबडं पकडली जातात, आणि ‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या २०१० सालच्या अहवालाने या व्यापाराचा पसारा देशभर असल्याचं दाखवलं. लक्ष्मीचं वाहन लक्ष्मीसाठीच मारायचं, हा हिशोब कोणत्या पोथीत बसतो कोण जाणे. इला फाउंडेशनने २०१८ पासून पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात घुबडांचा उत्सव सुरू केला. तिथे मुलं घुबडाची चित्रं काढतात, मुखवटे घालतात. भीतीवर व्याख्यानापेक्षा मुखवटा जास्त लागू पडतो, असं दिसतं.

या पार्श्वभूमीवर पुस्तकाने स्वतःपुढे ठेवलेलं काम मर्यादित आहे. भारतातल्या शंभराहून अधिक शिकारी पक्ष्यांची ही सूची नाही. तसे ग्रंथ आहेत. साताऱ्याच्या पूर्व भागात आणि सांगलीच्या आटपाडी-जतच्या बाजूला जे पक्षी वाचकाला खरोखर भेटू शकतात, त्यांना धरून ते बाकीच्या जगाकडे जातं. कापशी घार तारेवरून शेपटी हलवत का बसते, सापमार गरुड हवेत एका जागी कसा तरंगतो, ससाण्यात मादी नरापेक्षा मोठी का असते, अशा प्रश्नांची उत्तरं ते पाहण्यातून काढतं. जिथे शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, तिथे दोन्ही बाजू मांडून थांबतं. ओळखण्याच्या खुणांपेक्षा वागण्यावर त्याचा भर आहे. नवख्या वाचकाला हे सुरुवातीला गैरसोयीचं वाटेल, कारण उडत्या शिकारी पक्ष्याचं नाव सांगणं मुरलेल्यालाही अवघड जातं. पण नाव न कळताही चाल ओळखता येते, आणि भोवत्याची चाल एकदा पाहिली की लांबूनही चुकत नाही.

एक गोष्ट वाचकाला खटकेल, तिचा खुलासा इथेच केलेला बरा. पुस्तकातल्या नकाशांवर तलाव आहेत, घाट आहेत, गावं आहेत. शृंगी घुबडाच्या कपारी आणि भोवत्यांच्या रात्रीच्या मुक्कामाच्या जागा मात्र कुठेच दाखवलेल्या नाहीत. भोवत्या झाडावर नव्हे, उघड्या गवतात जमिनीवर झोपतात, थव्याने, आणि एक गाडी किंवा एक झोत त्यांना उठवायला पुरतो. घुबडाची कपार कळली की आधी छायाचित्रकार पोचतो आणि त्याच्या पाठोपाठ पकडणारा. त्या जागा ज्यांना माहीत आहेत ते मेंढपाळ आणि शेतकरी पुस्तकाला पुष्कळ काही सांगून गेले आहेत, त्यांनीच त्या छापू नयेत असं सुचवलं होतं.